शिवलेली होडी

१२ जानेवारी

व्याहीबुवांना शिंप्याचा नमस्कार, आणि विहीणबाईंना त्याहून दोन जास्त.

पत्र पाहून दचकू नका. ठकू बरी आहे. जेवते, झोपते, विचारलं तर उत्तर देते. विचारलं तेवढंच देते, हीच काय ती दुखरी जागा. बाळ गेल्यावर तुमच्याकडून ती इथे आली तेव्हा मला वाटलं होतं, बापाजवळ राहील, रडेल, मोकळी होईल. रडली नाहीच. पावसाळा सरला, थंडी आली, आणि माझी लेक आपली मागच्या पायरीवर बसून तुमच्या गावाकडे वाहत जाणाऱ्या नदीकडे बघते. सून परत कधी पाठवता, असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, हा तुमचा मोठेपणा. जावईबापूंनीही विचारलं नाही. त्याला काय म्हणावं ते मला कळत नाही, म्हणून काही म्हणत नाही.

परवा मी काज करत बसलो होतो. मागून आवाज आला, "अण्णा, होडी घरी करता येते का?"

इतक्या महिन्यांत तिने आपणहून विचारलेली ही पहिली गोष्ट. माझ्या बोटात सुई गेली. मी म्हणालो, "न यायला काय झालं? आजवर सदरे शिवले, आता होडी शिवू."

तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे खरोखर पाहिलं. "कधी?" म्हणाली.

आता आली का पंचाईत. मला पोहता येत नाही. न्हाणीघरात बादली भरून वाहिली तरी मी पाय वर घेतो. सुतारकामाचं म्हणाल तर गेल्या वर्षी ठोकलेली खुंटी कोटासकट खाली आली. पण शब्द गेला तो गेला. तुमचं सगळं आयुष्य होड्या बांधण्यात गेलं. माझ्या पुढच्या खोलीत मावेल अशी, दोघांपुरती, साधीशी होडी कशी बेतायची ते कळवा. कागदावर काढून पाठवलीत तर उपकार होतील. मला कागदावरून कापता येतं, बाकी अक्कल बेताचीच.

तुमचा व्याही

२४ जानेवारी

व्याहीबुवांस,

(अक्षर माझं, बोलणं ह्यांचं. ह्यांचा हात हल्ली थरथरतो. कंसात असेल ते माझं समजावं. विहीण.)

खोलीत पलंग करतात, होडी नव्हे. होडीला अंगण लागतं, सुकलेलं लाकूड लागतं, फळी वाकवायला वाफ लागते आणि दिवसभर ओरडणारा माणूस लागतो. तुमच्याकडे यातलं काय आहे? (ओरडणारा माणूस आमच्याकडे जास्तीचा आहे, हवा तर पाठवते.)

आमचा पोरगा म्हणतो, हल्ली एक सोपी रीत निघाली आहे. प्लायवूडचे तुकडे कापायचे, कडेकडेने भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने एकमेकांना टाचायचे. आकार आला की आतल्या सांध्यांवर राळ आणि काचेच्या कापडाची पट्टी चिकटवायची. वाळलं की तारा काढून टाकायच्या. मला विचाराल तर ती होडी नव्हे, पाण्यात सोडलेलं खोकं. पण तुम्ही पडलात शिंपी, तुम्हाला टाचलेलीच शोभेल.

सोबत कागद धाडतो आहे. होडीच्या अंगाएवढाच काढलेला आहे. तळ, दोन बाजू, मागचा पाटा. त्यावर ठेवून कापायचं. (कागद दादूने काढला. खाकी कागद जमिनीवर पसरून रांगत होता. जेवायला हाक मारली तर म्हणाला, "आई, रेघ मध्येच सोडली की वाकडी होते." भात गार झाला.)

पोरग्याचं म्हणाल तर तो कामात असतो. कामाचा माणूस कामात असायचाच.

शब्द दिलात तर पुरा करा. अर्धवट होडी घरात ठेवू नये, तिला पाय आपटून बोटं मोडतात.

व्याही

२० फेब्रुवारी

व्याहीबुवा आणि कंसातल्या विहीणबाई,

कागद पोचला. काय सुबक हात आहे. अशी वळणदार रेघ मी आयुष्यात एकदाच मारली, तीही नवरदेवाच्या कोटावर.

पुढची खोली रिकामी केली. शिलाईयंत्र स्वयंपाकघरात गेलं, त्यामुळे आता गिऱ्हाईक विजारीची उंची द्यायला चुलीपाशी उभं राहतं आणि जाताना आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगतं. शेजारचा न्हावी रोज डोकावतो. काल प्लायवूडचे पत्रे बघून म्हणाला, "अण्णा, माप कुणाचं घेतलंत? एवढ्या पोटाचा माणूस गावात नाही."

ठकू हसली नाही, पण तिने तोंड फिरवलं. हसू दाबायला फिरवलं की काय, असं मला वाटलं. म्हाताऱ्याचे डोळे, जे हवं ते बघतात.

कापणी झाली. कागद ठेवला, खडूने आखलं, आणि हाताच्या सवयीने कापत गेलो. ती पत्र्याचं टोक धरून उभी राहायची आणि रेघेवरचा भुसा फुंकायची. एकदा म्हणाली, "अण्णा, करवत आहे ती, कात्री नाही. तिला ढकलू नका, चालू द्या." मी म्हटलं, "हे कुठं शिकलीस?" तर म्हणाली, "तिकडे अंगणात बसून ऐकायचे ना." तिकडे म्हणजे तुमच्याकडे. इतक्या महिन्यांत तुमच्या घराचा हा पहिला उल्लेख, म्हणून मुद्दाम लिहितो.

एक विचारायचं राहिलं. ते काचेचं कापड फार उसवतं. मी दोन्ही कडा दुमडून तुरपाई करून ठेवली आहे. चालेल ना?

जावईबापू कामात असतात हे कळलं. मीही बायको आजारी असताना कामात असे. पण संध्याकाळी घरी येत असे. असो, बोलून गेलो.

तुमचा व्याही

८ मार्च

व्याहीबुवांस,

तुरपाईचं वाचून मी पाटावरून पडायचा राहिलो. सगळी उसवा. दुमडीखाली राळ पोचत नाही, हवा राहते, हवेतून पाणी येतं. काचेच्या कापडाला तुरपाई घालणारा पृथ्वीतलावर तुम्ही पहिले. (पण टाके फार बारीक असतील, असंही म्हणाले. हे लिहू नको म्हणाले, म्हणून लिहिते.)

तारा घालताना एकदम आवळू नका. आधी सगळीकडे सैल, मग फिरत फिरत प्रत्येकीला थोडा थोडा पीळ. एकीचा लाड केलात तर दुसरी रुसते.

व्याही

(ते ओट्यावर गेले आहेत, आता माझं. तुमचं शेवटचं वाक्य मी मोठ्याने वाचलं नाही, पण दादूने पत्र स्वतः वाचलं. तो तुमचं प्रत्येक पत्र वाचतो, जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून. भाऊ, तो येत नाही त्याचं कारण काम नाही. दवाखान्यात त्या दिवशी तो नव्हता. बांधलेली होडी पोचवायला समुद्राच्या तोंडापर्यंत गेला होता, बाळ दोन महिने आधी येईल हे कुणाला ठाऊक. परतला तोवर सगळं संपलं होतं. ती शुद्धीवर आली, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता येऊ नकोस." तो ते वाक्य उराशी धरून बसला आहे. मी सांगून थकले, की पोरा, तसल्या वेळी माणूस देवालाही म्हणतं येऊ नकोस. त्याला पटत नाही. तिला हे विचारायचं की नाही ते तुम्ही बघा. माझा धीर होत नाही.)

२ एप्रिल

व्याहीबुवा,

आज गोड बोलायची ताकद नाही, तेव्हा सरळ लिहितो. तुमच्या घरचा कागद चुकला आहे.

सगळे तुकडे तारेने टाचले. सांगितलंत तसंच, सैल, मग पीळ. मागचा पाटा बसला, तळ बसला. पुढे आलो तर दोन्ही बाजू मिळेचनात. चार बोटं फट. ओढावं तर तळ कण्हतो, सोडावं तर तोंड वासतं. कापड असतं तर चुणी घालून बसवलं असतं, लाकडाला चुणी कुठून घालू? मी कागद पाहिला, कागदावर रेघा कशा देखण्या. देखणेपणावर भुललो. ज्याचं मन ठिकाणावर नाही त्याच्या रेघेवर विश्वास ठेवला, ही माझी चूक.

फटीचं दुःख नाही हो. ठकूचं आहे. गेला महिनाभर ती सकाळी माझ्याआधी उठून तारांचे तुकडे तोडत बसायची. बोटांना घट्टे पडले होते आणि ते ती मला दाखवायची. त्या दिवशी फट बघून तिने पक्कड खाली ठेवली. हळूच ठेवली, आपटली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "अण्णा, माझ्या हातून काही पुरं होतच नाही." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. पुन्हा ती पायरी, पुन्हा ती नदी. आता तर विचारलं तरी बोलत नाही.

विहीणबाई, तुम्ही लिहिलंत ते वाचलं. मला ठाऊक नव्हतं. जावईबापूंना मी मनात बरंच काही बोललो आहे, त्यातलं अर्धं मागे घेतो. उरलेलं अर्धं कागद नीट आला की घेईन. ठकूला विचारणार होतो, पण आता कोणत्या तोंडाने विचारू?

दुसरा कागद पाठवा. नाहीतर सरळ सांगा, हे खोकं फोडून चुलीत घालतो.

व्याही

११ एप्रिल

व्याहीबुवांस,

आमच्या घरचा कागद चुकत नाही. माझ्या बापाचा चुकला नाही, माझा चुकला नाही, पोरग्याचा चुकणार नाही. नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. शिवता येईना कागद वाकडा, हे नवीन. (ह्यांचं नाक लाल झालं आहे. पुढचं मी थोडं गाळते. गाळलं तेच बरं.)

दोन बाजूंची आणि तळाची कड एकाच मापाची असते, म्हणून ती मिळते. तुमची मिळत नाही, म्हणजे तुम्ही माप मोडलंत. कसं मोडलंत ते तुम्हालाच ठाऊक.

(आता माझं. वरचं सांगून झालं तेव्हा हे तापलेले, मी घाबरलेली. दादूने तुमचं पत्र दोनदा वाचलं. मग भिंतीकडे बघत बसला. मला वाटलं, लागलं ह्याला. आणि एकदम तो हसायला लागला. भाऊ, बाळ गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. खांदे हलवत हसत होता. म्हणाला, "आई, अण्णांनी माया सोडली असणार. शिलाईसाठी. चारी बाजूंनी बोटभर." ह्यांना कळेना, तेव्हा मी समजावलं, की शिंपी कापड रेघेवर कधीच कापत नाही, शिवणीत जायला म्हणून रेघेबाहेर थोडं राखतो, त्याला माया म्हणतात. फळ्या तर कडेला कड टेकवून टाचायच्या, तिथे शिवणीत काय जाणार? हेही हसले मग. दादू मात्र हसता हसता उठला आणि मोरीत गेला. नळ सोडून ठेवला होता त्याने. बराच वेळ.)

(तुकडे सोडवून कागदावर ठेवून बघा. आणि फोडू नका, भाऊ. हात जोडते.)

व्याही

२६ एप्रिल

व्याहीबुवा, विहीणबाई, आणि ताटाशेजारी ठेवून वाचणारे जावईबापू,

कान धरून उभा आहे. बोटभर. चारी बाजूंनी, प्रत्येक तुकड्याला, इमानेइतबारे बोटभर. पन्नास वर्षं कापड बेतणाऱ्या हाताला रेघेवर कापायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाकडे पाठ करायला सांगणं. माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. कागद चुकला नव्हता. व्याहीबुवा, तुमच्या वडिलांचीही माफी मागतो.

पत्र मी ठकूच्या दाराबाहेर बसून मोठ्याने वाचलं. नळाचं सोडून सगळं वाचलं. मग तेही वाचलं. दार उघडलं. बाहेर आली, पक्कड उचलली आणि मला न विचारता तारा कापायला लागली.

दोघं मिळून उसवत होतो. ती पुढून, मी मागून. मध्यावर आलो तेव्हा ती खाली बघतच म्हणाली, "अण्णा, त्या झबल्यांतसुद्धा ठेवली होती का?"

मी बाळासाठी झबली शिवून तुमच्याकडे धाडली होती, आठवत असेल. ती तिच्या पेटीतून परत आली. आम्ही दोघांनीही पेटी उघडलेली नाही.

"हो," म्हणालो.

"किती?"

"वर्षभर सोडत जाता येईल एवढी. बाळं भराभर वाढतात."

तिने आणखी एक तार कापली. मग म्हणाली, "मला नव्हतं ठाऊक. मला वाटलं जाड शिवण का आहे एवढी, टोचेल त्याला." आणि ती रडली, व्याहीबुवा. फळीवर डोकं ठेवून, आवाज करून, लहानपणी रडायची तशी. मी काय करणार? शिंप्याचा हात आहे, पाठीवर ठेवला. ती रडत होती तोवर शेजारचा न्हावी दारात आला, त्याने एकदा पाहिलं आणि माझी दुकानाची पाटी उलटी करून बाहेर जाऊन बसला. आलेल्या गिऱ्हाइकांना परत पाठवत होता. त्या माणसाला मी आजवर बोलघेवडा समजत होतो.

संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "त्याला कळवा, कागद चुकला नव्हता म्हणून."

मी म्हटलं, "मी कळवतोच आहे. पण रेघ त्याची, फट आपली. तूच सांग की."

तिने ताटातला भात कालवला. "आला तर सांगेन," म्हणाली.

शब्दाला शब्द लिहिला आहे. यात मी बोटभरही माया सोडलेली नाही.

व्याही

४ मे

व्याही,

आज मीच लिहितो. अक्षर वाईट.

पोरगा निघाला. वल्ह्यांचं लाकूड घेऊन गेला आहे. ह्या पत्राच्या आधी पोचेल.

त्याला ओरडू नका. ते काम मी केलं आहे.

२९ मे

व्याहीबुवांना आणि विहीणबाईंना,

तुमचा मुलगा माझ्याकडे आहे. परत पाठवायची घाई करणार नाही, तुम्हीही मागू नका.

तो आला त्या दुपारी मी चुलीपाशी यंत्रावर बसलो होतो. खांद्यावर लाकूड, हातात हत्यारांची पिशवी, घामाने निथळत दारात उभा. आत येईना. पुढच्या खोलीत ठकू रेघेवर पुन्हा कापलेल्या फळीची कड घासत होती. तिने मान वर केली.

"कागद चुकला नव्हता," म्हणाली.

"माहीत आहे."

"मग इतके महिने काय करत होतास?"

"तू येऊ नकोस म्हणालीस."

"आणि तू ऐकलंस? इतर वेळी कधी ऐकलंस माझं?"

पुढचं मी ऐकलं नाही. खरं सांगू का, ऐकू येत होतं, म्हणून मी यंत्र चालवायला लागलो. जोरजोरात चालवत होतो. नंतर पाहिलं तर सुईत दोरा नव्हता.

लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. पहिला आठवडा दोघं होडीच्या दोन टोकांना काम करायची आणि मी मध्ये बसून एकाचा निरोप दुसऱ्याला द्यायचो. "त्याला सांगा, राळ पातळ झाली." "तिला सांगा, जाड केली तर वाहणार नाही." एक दिवस कंटाळून मी म्हटलं, "मी जातो न्हाव्याकडे, तुम्ही दोघं आणि राळ, काय ते बघून घ्या." दाढी करून आलो तर दोघं एकाच सांध्यावर वाकली होती. पट्टी तो धरत होता, राळ ती लावत होती. न्हाव्याने वस्तरा मुद्दाम हळू चालवला होता, हे त्याने मला नंतर सांगितलं.

होडी मिळाली. पुढच्या टोकाला केसाएवढीही फट नाही. बाहेर कशी काढणार, म्हणून न्हाव्याने पैज लावली होती, हरला. दार मी आधीच मोजलं होतं. शिंपी आहे, माप घेतल्याशिवाय राहतो होय?

पण ठकू परत येण्याचं बोललेली नाही, आणि जावईबापूंनी विचारलेलं नाही. रात्री तो पुढच्या खोलीत होडीशेजारी झोपतो. मला विचाराल तर निम्मी वाट सरली आहे. उरलेल्या निम्म्यात काय अडलं आहे ते मला दिसत नाही, आणि उकरायला हात धजत नाही.

व्याही

७ जून

भाऊ,

आज कंस नाहीत. हे बाहेर गेले आहेत. रोज संध्याकाळी काठावर जाऊन बसतात आणि विचारलं तर म्हणतात, पाण्याची पातळी बघतोय. पातळी बघायला आत्तापर्यंत कधी उपरणं झटकून गेले नव्हते.

तुम्ही लिहिलंत, काय अडलं आहे ते दिसत नाही. मला दिसतं की नाही ते मलाही ठाऊक नाही. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते.

बाळ एक दुपारभर होतं. ठकू बेशुद्ध होती, दादू नदीवर, हे औषधं आणायला धावत होते. नर्सबाईंनी त्याला माझ्या मांडीवर दिलं. त्याचा सगळा जन्म माझ्या मांडीवर गेला, भाऊ. मी त्याच्याशी बोलत होते. काय बोलले तेही आठवतं. ठकू शुद्धीवर आली तेव्हा सगळे म्हणाले, तिच्यापुढे विषय काढू नका, विसरायला सोपं जाईल. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. पण सून ती, आणि मी सासू, माझ्या तोंडून निघालेला शब्द तिला टोचला तर? म्हणून गप्प राहिले. तीही गप्प राहिली. मग ती तुमच्याकडे गेली आणि माझं सांगायचं राहूनच गेलं.

तिला ऐकायचं असेल तर मी सांगेन. नसेल तर हे पत्र फाडून टाका आणि मी काही लिहिलंच नाही असं समजा.

विहीण

१८ जून

व्याहीबुवा, विहीणबाई,

हे पत्र टपालात टाकत नाही. होडीतून धाडतो आहे, ठकूच्या पिशवीत, मेणकापडात शिवून. तुमच्या हाती पडलं असेल तर दोघं पोचली. पडलं नसेल तर मी हे कुणाला लिहितोय?

विहीणबाई, तुमचं पत्र मी फाडलं नाही. रात्रभर उशाखाली ठेवलं आणि सकाळी तिच्या हातात दिलं. तिने मागच्या पायरीवर बसून वाचलं. चहा गार होईपर्यंत वाचत होती. मग आत येऊन म्हणाली, "अण्णा, मला कुणी सांगितलंच नाही, की त्याला कुणी मांडीवर घेतलं होतं. मला वाटायचं, तो एकटाच आला आणि एकटाच गेला." इतके महिने ती नदीकडे बघून हाच विचार करत होती, आणि आम्ही शहाणी माणसं तिला विसरायला मदत करत होतो.

जावईबापू दारात उभे होते. तिने त्यांना म्हटलं, "मला आईंना विचारायचं आहे, तो कसा दिसत होता." तो म्हणाला, "मलाही." त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं, विहीणबाई, आणि त्याने विचारलं नव्हतं. मग ती म्हणाली, "बसने नको. हिच्यातूनच जाऊ."

तर पाऊस लांबला आहे तोवर आज सकाळी होडी पाण्यात घातली. न्हावी, त्याची बायको आणि विजारींची तीन गिऱ्हाइकं उचलायला होती. मी काठावर एका झाडाला धरून उभा होतो, मला कुणी हसलं नाही. होडी टेकली, जरा डुलली आणि स्थिर झाली. ठकूने आत हात घालून चारी सांधे चाचपले. कोरडे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अण्णा, बसून बघा ना एकदा." मी बसलो, व्याहीबुवा. काठाला दोर बांधलेला होता आणि पाणी गुडघ्याएवढंच होतं, हे तुम्हाला जावईबापू सांगतीलच, म्हणून मीच सांगतो. डोळे मिटून बसलो होतो, पण बसलो.

वल्ही तिने घेतली. तो म्हणाला, वळणापर्यंत मी मारतो, ती म्हणाली, वळण मला ठाऊक आहे. एवढी कुरकुर ऐकून मला बरं वाटलं, कुरकुरणाऱ्या घरात माणसं असतात. रात्री वाटेत त्याच्या ओळखीच्या कोळ्याकडे उतरतील, उद्या सांजेपर्यंत तुमच्याकडे. ती राहायला येते आहे की विचारून परतणार आहे, हे मी तिला विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. तिचं तिला कळेल, कळलं की सांगेल. माझं दारही उघडंच आहे, आणि पुढची खोली मी एवढ्यात भरणार नाही.

व्याहीबुवा, होडीला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवा, पण आधी तिच्या पोटाखाली हात फिरवून बघा.

विहीणबाई, बाकी सगळं तुमच्यावर. दोन दिवस वल्हवून आलेली असेल, हात सोललेले असतील. आधी जेवू घाला. मग जवळ बसवून घ्या आणि सांगा. डोळे कुणासारखे होते, बोटं कशी होती, तुम्ही त्याच्याशी काय काय बोललात. तिला रडू आलं तरी थांबू नका. काही गाळू नका.

तुमचा व्याही